विशेषण कोणाचं, ते आधी शोधा

पत्र : माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. आता इंग्रजी कथा-कादंबऱ्या आणि थोड्याफार कविता मुळातून वाचते. वाक्यरचना समजते, नाम-क्रियापदं डिक्शनरीत बघून पुढे जाता येतं. अडतं ते विशेषणांपाशी. 'वेअरी वे' म्हणजे रस्ता दमलेला? 'इम्मॉडेस्ट ग्रीन' म्हणजे हिरवा रंग निर्लज्ज? 'व्हेजिटेबल लव्ह' वाचून तर हसूच आलं. दोन्ही शब्द माहीत असतात, पण जोडले की काहीच हाती लागत नाही. डिक्शनरीतला एकेक अर्थ लावून बघते, एकही बसत नाही. अशा प्रत्येक ठिकाणी थांबायचं, की सोडून पुढे जायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नमस्कार.

दोन्ही शब्द माहीत असूनही जोडी कळत नाही, हे तुम्ही नेमकं पकडलं आहे. अडचण शब्दसंग्रहाची नाही, म्हणूनच डिक्शनरी कितीही चाळली तरी ती सुटत नाही. 'या विशेषणाचा अर्थ काय' हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याच्याआधी एक विचारा : हे विशेषण आहे कोणाचं? व्याकरणाने ते शेजारच्या नामाला बांधलेलं असतं. साहित्यात मात्र त्याचा खरा मालक बऱ्याचदा वाक्यात भलतीकडेच असतो, कधी कधी वाक्याबाहेरही. तो सापडला की निम्मं काम झालं.

तुमचं पहिलं उदाहरण घेऊ. टॉमस ग्रेची 'एलेजी' ही शोककविता १७५१ साली छापली गेली. दिवस मावळतो आहे, गुरं हंबरत परतताहेत, आणि तिसरी ओळ येते : 'द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्झ हिज वेअरी वे.' नांगऱ्या जड पावलांनी घरी निघाला आहे. दमलाय कोण? नांगऱ्या. 'वेअरी' त्याचं, कवीने ते उचलून वाटेला लावलं. इंग्रजीत याला ट्रान्स्फर्ड एपिथेट म्हणतात. फिगर्स ऑफ स्पीचच्या यादीत हे नाव पुष्कळांनी पाठ केलेलं असतं, पण नेमकी अशी ओळ समोर आली की ते आठवत नाही.

यापुढची पायरी गाइडांमध्ये सहसा नसते, आणि खरा फायदा तिच्यातच आहे. विशेषण मालकाला परत करून बघा : 'द वेअरी प्लाउमन होमवर्ड प्लॉड्झ हिज वे.' मोठ्याने म्हणा. ओळ वृत्तात चोख बसते, पाचही आघात जिथल्या तिथे पडतात. म्हणजे ग्रेने विशेषण हलवलं ते वृत्त जुळवण्यासाठी नाही. मग फरक काय पडला? बदललेल्या ओळीत थकवा सुरुवातीलाच सांगून होतो, आणि मग माणूस चालत जातो. मूळ ओळीत आधी तो चालताना दिसतो, 'प्लॉड्झ' हे जड क्रियापद येतं, आणि थकवा सगळ्यात शेवटी वाटेवर पसरतो. वाट लांब वाटू लागते. 'वेअरी वे' हे दोन शब्द उच्चारायला वेळ लागतो तोही याच कामी येतो. विशेषण परत करून 'काय हरवलं' हे बघितलं की लेखकाचा हेतू आपोआप हाती येतो.

त्याच कवितेत आठवी ओळ आहे : 'अँड ड्राउझी टिंकलिंग्ज लल द डिस्टंट फोल्ड्झ.' दूरच्या मेंढवाड्यांतून किणकिण ऐकू येते आहे, आणि ती 'ड्राउझी', पेंगुळलेली आहे. पेंगतंय कोण? मेंढ्या, हे पहिलं उत्तर. पण 'लल' हे क्रियापद बघा : झोके देत, गुणगुणत निजवणं. म्हणजे किणकिण निजवतेही आहे. मालक दोन झाले. इथे एकाला खोडून दुसऱ्याला निवडायची गरज नसते. परीक्षेच्या सवयीमुळे आपण एकच बरोबर उत्तर शोधतो. कवितेत दोन्ही लागू असतात आणि ओळीतलं सुख त्यातच असतं.

खरं तर हा प्रकार तुम्ही मराठीत रोज वापरता. 'गुलाबी थंडी' म्हणताना थंडीला रंग कुठून आला असं कोणी विचारत नाही. कोवळी असते ती पालवी, आपण 'कोवळं ऊन' म्हणतो. सुतक माणसाला असतं, आपण 'सुतकी चेहरा' म्हणतो. 'ओला दुष्काळ' परभाषिकाला समजावून सांगायला बराच वेळ लागेल. लहानपणापासून कानावर असल्यामुळे यातली उडी आपल्याला दिसत नाही. इंग्रजीतली उडी नवी असल्यामुळे खटकते.

आपल्या काव्यशास्त्राने या उडीचा पुरता विचार करून ठेवला आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती तुम्ही शाळेत शिकला असाल; 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे लक्षणेचं, म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी नातं असलेला दुसरा अर्थ घेण्याचं, ठरलेलं उदाहरण. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत, आणि इंग्रजी विशेषण सोडवायला त्या जशाच्या तशा उपयोगी पडतात. पहिली, मुख्यार्थबाध : सरळ अर्थ घेतला तर अडायला हवं. दुसरी, तद्योग : नव्या अर्थाचं मूळ अर्थाशी काही नातं हवं. तिसरी, रूढी किंवा प्रयोजन : एकतर तसं म्हणायची पद्धत पडलेली असते, नाहीतर म्हणणाऱ्याचा त्यात हेतू असतो. या अटींचे प्रश्न करा आणि याच क्रमाने विचारा. सरळ अर्थ खरंच अडतो का? नातं कसलं? पद्धत की हेतू? बहुतेक वाचक पहिल्या प्रश्नावरून थेट तिसऱ्यावर जातात. 'लेखकाला काहीतरी सुचवायचंय' इथवर पोचतात, पण काय सुचवायचंय ते सांगता येत नाही, कारण मधला प्रश्न विचारलेलाच नसतो.

आता तुमचं दुसरं उदाहरण या तीन प्रश्नांतून नेऊ. अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' ही कादंबरी १९९७ची. पहिल्याच पानावर केरळातलं आयमेनेम गाव आहे. जूनमध्ये पाऊस येतो आणि सगळा परिसर 'अ‍ॅन इम्मॉडेस्ट ग्रीन' होतो. सरळ अर्थ अडतो का? अडतो, रंगाला लाज नसते आणि निर्लज्जपणाही नसतो. नातं कसलं? इथे विशेषणाची नेहमीची सोबत आठवायची. 'इम्मॉडेस्ट' हा शब्द इंग्रजीत कोणाबरोबर हिंडतो? कपडे, वागणं, बोलणं, आणि विशेषतः बायकांचं वागणं. म्हणजे तो हिरव्या रंगाचा नाही, समाजाच्या नजरेचा आहे. मालक वाक्याबाहेर आहे : मर्यादा घालून देणारं, नावं ठेवणारं गाव. मग पुढचंच वाक्य वाचा. टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या, फांद्यांची कुंपणं मुळं धरतात, फुलतात, आणि सीमा पुसट होतात. हिरवाईने कुंपण मोडलं, हा तिचा 'अविनय'. तिसरा प्रश्न, हेतू. कोणी कोणावर आणि किती प्रेम करावं याचे नियम, आणि ते मोडणारी माणसं, हा या कादंबरीचा गाभा आहे. पावसाचं वर्णन करता करता एका विशेषणाने तो विषय दारात आणून ठेवला.

त्याच पानावर आधी 'डिझोल्यूट ब्लूबॉटल्स' आहेत, घोंघावणाऱ्या निळ्या माश्या. 'डिझोल्यूट' म्हणजे दारू, चैन यांत वाहवलेला माणूस. डिक्शनरीतल्या अर्थाने माशी कळणार नाही. आधीची दोन छोटी वाक्यं बघितली की कळेल. केळी पिकताहेत, फणस फुटताहेत. पिकून फुटलेल्या फळाचा रस आंबतो, माश्या त्यावर झिंगतात. नातं इतकं सरळ आहे. म्हणून माझा आग्रह : विशेषण अडलं की डिक्शनरी उघडण्याआधी एक वाक्य मागे आणि एक वाक्य पुढे वाचा. उत्तर तिथे नसेल तरच उठा.

पहिल्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, त्याचाही एक तोटा आहे. सगळीकडे अलंकार शोधायची सवय लागली की साधी गोष्टही गूढ दिसू लागते. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'तली (१९७६) पहिली कविता बसच्या प्रवासाची आहे. एसटीच्या खिडक्यांवर ताडपत्री बांधलेली, बाहेरचं काही दिसत नाही, आणि प्रवाशाला दिसतो तो स्वतःचा 'डिव्हायडेड फेस'. इथे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, श्रद्धा-अश्रद्धेचं द्वंद्व वगैरे लिहायला हात शिवशिवतो. थांबा, पुढची ओळ वाचा : समोरच्या म्हाताऱ्याच्या नाकावर चश्मा आहे. चश्म्याला काचा दोन, म्हणून चेहरा दोन तुकड्यांत. सरळ अर्थ कुठेच अडत नाही. दुभंगलेल्या मनाचा अर्थ कविता पुढे नेते तशी नंतर लावता येईल, पण आधी चश्मा दिसला पाहिजे. जो डोळ्यांनी बघत नाही त्याचा लाक्षणिक अर्थही पोकळ निघतो.

मालक शोधताना एक दिशा सहज सुटते. काही विशेषणं नाम कसं आहे ते सांगत नाहीत, ते नाम दुसऱ्याचं काय करतं ते सांगतात. 'ऑथेल्लो'मध्ये इयागो 'ड्राउझी सिरप्स'बद्दल बोलतो. सिरप पेंगत नाही, पिणारा पेंगतो. आपण गुंगीचं औषध म्हणू. 'डिझी हाइट्स'मध्ये भोवळ उंचीला येत नाही, वर उभ्या असलेल्याला येते. टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'च्या (१९२२) सुरुवातीला 'फर्गेटफुल स्नो' आहे. 'विसराळू बर्फ' असं भाषांतर केलं की काहीच उमगत नाही. हिवाळ्याने आम्हाला ऊब दिली, असं ती ओळ म्हणते. बर्फाखाली जमीन झाकली गेली, काही आठवायची गरज उरली नाही. बर्फ विसरायला लावतो. अशा वेळी विशेषणाच्या जागी मनात 'लावणारा' किंवा 'आणणारा' घालून बघा : झोप आणणारं, भोवळ आणणारी, विसरायला लावणारा. वाक्य सरळ झालं तर ज्या माणसावर परिणाम होतो तोच मालक.

विल्फ्रेड ओवेनच्या पहिल्या महायुद्धावरच्या कवितेत विषारी वायूचा हल्ला होतो आणि सैनिक 'क्लम्झी हेल्मेट्स' चढवतात. ही हेल्मेट्स म्हणजे वायूपासून बचावाचे मुखवटे. 'क्लम्झी' कोण? घाईत, अंधुक उजेडात चाचपडणारे हात. आधीच्या ओळीत 'फम्बलिंग' आहेच. पण मुखवटेही घालायला अवघड होते. सरळ अर्थ अर्धा लागतो आणि अर्धा अडतो. अशी अर्धी अडणारी विशेषणं वाचकाच्या हातून सर्वांत जास्त निसटतात, कारण ती खटकत नाहीत.

मालक आणि नाम यांच्यातलं अंतर किती, हेही बघत चला. नांगऱ्या आणि त्याची वाट यांत अंतर थोडं, म्हणून 'वेअरी वे' हळुवार वाटतं. पी. जी. वुडहाउस हेच अंतर ताणतो. त्याचा बर्टी वूस्टर चमच्यावर 'अ थॉटफुल लम्प ऑफ शुगर' तोलतो. विचारात बर्टी पडला आहे, पण विचारमग्न झाला साखरेचा खडा. तंत्र ग्रेचंच, अंतर वाढवलं आणि हसू आलं. वुडहाउस वाचताना डिक्शनरी घेऊन बसणाऱ्याला हे विनोद कधीच भेटत नाहीत. 'थॉटफुल'चा आणखी कुठला अर्थ आहे का ते तो शोधत राहतो.

तुमच्या तिसऱ्या उदाहरणाला मात्र यातली एकही युक्ती लागू पडत नाही. 'माय व्हेजिटेबल लव्ह' ही अँड्र्यू मार्व्हेलची ओळ. कविता १६८१ साली, कवीच्या मृत्यूनंतर, छापून आली. इथे मालक हलवलेलाच नाही, शब्दाचा अर्थ हलला आहे, तोही मधल्या साडेतीन शतकांत. मार्व्हेलच्या काळात 'व्हेजिटेबल'चा भाजीशी संबंध जवळजवळ नव्हता. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या विचारानुसार जीवाच्या तीन पातळ्या : वनस्पतीची, प्राण्याची, माणसाची. वनस्पतीच्या पातळीवर फक्त पोषण आणि वाढ. 'व्हेजिटेबल लव्ह' म्हणजे केवळ वाढत राहणारं प्रेम. साम्राज्यांहून विशाल आणि त्यांहून सावकाश, असं पुढे स्पष्टच म्हटलं आहे. आजच्या वाचकाला भाजी आठवून हसू येतं, ते साहजिक आहे, पण हसून झालं की ही दुसरी बाजू बघायलाच हवी.

अशी फसवी विशेषणं जुन्या इंग्रजीत पुष्कळ आहेत. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया दूरवर दिसणाऱ्या दिव्याबद्दल बोलताना म्हणते, 'अ नॉटी वर्ल्ड'. 'नॉटी' आज खोडकर. तेव्हा दुष्ट, कवडीमोलाचं. 'फाँड' आज आवड असणारा; शेक्सपिअरमध्ये बऱ्याचदा खुळा. 'ऑफुल' म्हणजे भीतियुक्त आदर वाटायला लावणारं. 'आर्टिफिशियल' एके काळी कौतुकाचा शब्द होता, कसबाने केलेलं. आणि धोका असा की या शब्दांपाशी तुम्ही अडतच नाही. आजचा अर्थ कसातरी बसतो आणि वाचन चुकीच्या वाटेने पुढे जातं. म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी त्याचं साल बघा. साधारण १८०० पूर्वीचं असेल तर टिपा असलेलीच आवृत्ती घ्या. शेक्सपिअरची आर्डन किंवा फोल्जर आवृत्ती चालेल. फोल्जरचा मूळ पाठ इंटरनेटवर फुकट आहे, पण टिपा छापील पुस्तकात मिळतात.

डिक्शनरी कुठली, यावरही बरंच अवलंबून आहे. ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीत आज जास्त वापरात असलेला अर्थ आधी येतो. मेरियम-वेब्स्टरमध्ये अर्थांचा क्रम ऐतिहासिक असतो, सर्वांत जुना आधी. नव्या कादंबरीला पहिली, जुन्या कवितेला दुसरी. दोन्ही फुकट आहेत. इंग्रजी-मराठी कोश मात्र या कामाला सर्वांत शेवटी उघडा. तो एका शब्दाला चार मराठी शब्द देतो, त्यांतला प्रत्येक आपापली सोबत घेऊन येतो, आणि 'इम्मॉडेस्ट'च्या जागी 'निर्लज्ज' लिहिलं की रॉय यांची हिरवाई एकदम भांडखोर होऊन बसते.

शब्दाची सोबत शोधायला आणखी एक सोय आहे. गूगल बुक्स एनग्राम व्ह्यूअरमध्ये विशेषण लिहा आणि त्यानंतर जागा सोडून तारांकन द्या. त्या विशेषणानंतर छापील पुस्तकांत सर्वाधिक येणारे दहा शब्द दिसतात. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'ची (१८५२-५३) सुरुवात लंडनच्या चिखल-धुक्याने होते, आणि तिथे एक तुटक वाक्य आहे : 'इम्प्लॅकेबल नोव्हेंबर वेदर.' 'इम्प्लॅकेबल' म्हणजे ज्याची समजूत काढता येत नाही असा. तो नेहमी शत्रूबरोबर येतो, वैराबरोबर, द्वेषाबरोबर. म्हणजे डिकन्सने हवेला वैरी केलं. आणि ज्या कोर्टात खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात, माणसं झिजून मरतात, त्या कोर्टाची गोष्ट तो सांगणार आहे. तेही असंच, कशानेही न द्रवणारं.

जोडविशेषणं तुम्ही पत्रात लिहिलेली नाहीत, पण पुढे भेटतीलच, आणि तिथे मराठी शाळेत शिकलेला समास चांगला कामी येतो. सूत्र एवढंच की विग्रह करायचा. टॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश'मध्ये (१९००) पक्ष्याची पिसं 'ब्लास्ट-बिरफल्ड' आहेत : वाऱ्याने विस्कटलेली, तृतीया तत्पुरुष. त्याच कवितेत हिमतुषार 'स्पेक्टर-ग्रे' आहे : भुतासारखा करडा, आपल्या घनश्यामसारखा कर्मधारय. होमरच्या इंग्रजी भाषांतरांत पहाट 'रोझी-फिंगर्ड' असते : गुलाबी आहेत बोटं जिची ती, बहुव्रीही. (इंग्रजी भाषाशास्त्रातही या प्रकाराला बहुव्रीहीच म्हणतात.) बहुतेक वेळा शेवटचं पद मुख्य असतं, म्हणून उजवीकडून डावीकडे वाचायचं. डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वूड' या रेडिओ नाटकात, जे १९५४ साली बीबीसीवर झालं, रात्र 'बायबल-ब्लॅक' आहे. आधी काळी, मग कशासारखी काळी : बायबलच्या पुठ्ठ्यासारखी. वेल्समधलं छोटं, चर्चला जाणारं गाव त्या एका शब्दात आलं. तेच 'कोल-ब्लॅक' म्हटलं असतं तर फक्त अंधार आला असता. विग्रह झाला की लगेच हे विचारा : तुलनेसाठी हीच वस्तू का?

रंगांबद्दल थोडक्यात. आपल्याकडचे संकेत इंग्रजीत नेऊ नका. मराठीतला हिरवट म्हातारा आणि इंग्रजीतला 'ग्रीन' माणूस यांचा संबंध नाही. इंग्रजीत तो नवखा, किंवा मत्सरी. 'ब्लू' उदास, 'यलो' भित्रा. पण मोठे कवी संकेत मोडतात, तेव्हा पाठ केलेली यादीही फसवते. एमिली डिकिन्सनच्या मरणावरच्या कवितेत माशीची गुणगुण 'ब्लू – अन्सर्टन – स्टम्ब्लिंग' आहे. आवाजाला रंग. निळा उदासीचा असं म्हणून सोडवू नका. निळी माशी, हा एक मालक. मरणाऱ्या माणसाची विस्कळीत होत चाललेली इंद्रियं, जिथे दिसणं आणि ऐकणं एकमेकांत मिसळतं, हा दुसरा. अडखळतंय तेही माशीइतकंच त्या माणसाचं भान.

आता थांबायचं की पुढे जायचं. कादंबरी आणि कविता यांना वेगळा नियम लावा. कादंबरीत पहिल्या वाचनात थांबू नका. पेन्सिलीने बारीक टिंब द्या आणि प्रकरण संपवा. मग टिंबांकडे परत या. निम्मी आपोआप सुटलेली असतील. उरलेल्यांतली रूढ झालेली बाजूला काढा : 'रेस्टलेस नाइट', 'डेड सायलेन्स', 'लाउड कलर्स' अशा जोड्या लर्नर्स डिक्शनरीच्या उदाहरणांत सापडल्या तर ती पद्धत आहे, तिथे हेतू शोधण्यात वेळ घालवू नका. बाकी राहिलेल्यांतली एका पानावर फार तर दोन सोडवा, ज्यांनी तुम्हाला खरंच खुपलं ती. प्रत्येक विशेषण सोडवत बसलं तर कथा हातून जाते, आणि कथा गेली की विशेषणाचा हेतूही कळत नाही, कारण तो पुष्कळदा पन्नास पानं पुढे असतो. कवितेत मात्र सगळी सोडवा; चौदा-वीस ओळींत टाकाऊ विशेषण सहसा नसतं.

वहीत अर्थ लिहू नका. डावीकडे जोडी लिहा, मध्ये बाण काढून मालकाचं नाव, आणि उजवीकडे एक पूर्ण मराठी वाक्य. 'वेअरी वे → नांगऱ्या : दमलेल्या माणसाला वाट सरता सरत नाही.' एकाला एक मराठी शब्द शोधायच्या नादात जे हरवतं ते वाक्यात टिकतं. महिन्याभराने वही चाळलीत तर कुठली दिशा तुम्हाला सतत चुकते तेही दिसेल. अनेकांची 'विसरायला लावणारा'वाली चुकते.

सरावाला ओवेनचंच 'अँथम फॉर डूम्ड यूथ' घ्या, १९१७चं सॉनेट, चौदा ओळी. 'स्टटरिंग रायफल्स', 'हेस्टी ऑरिझन्स', 'सॅड शायर्स', 'पेशंट माइंड्स' : एवढ्या छोट्या जागेत जवळजवळ सगळे प्रकार भेटतात. 'सॅड शायर्स' लगेच सुटेल. 'हेस्टी ऑरिझन्स' अवघड आहे; ऑरिझन्स म्हणजे प्रार्थना. प्रार्थना कोण म्हणतंय ते आधी ठरवा, मग घाई कोणाची ते शोधा. शीर्षक शेवटी सोडवा. हस्तलिखितांवरून दिसतं की ते आधी 'डेड यूथ' होतं आणि नंतर 'डूम्ड' झालं. इथे विशेषण परत करून बघायचं काम कवीनेच करून ठेवलं आहे : दोन्ही शब्द आलटून पालटून ठेवा, आणि कोणत्या शब्दात ती मुलं अजून जिवंत आहेत ते बघा.